कुकडीच्या घळीत, राखेच्या आधी आणि नंतर

पहाटे साडेपाचला पिंपरीचं संत तुकाराम नगर जागं असतं. वायसीएम रुग्णालयाच्या फाटकाबाहेर रात्र काढलेले नातेवाईक चहाच्या गाडीशी उभे असतात, पहिल्या पाळीचे कामगार कंपनीच्या बसची वाट पाहत असतात, वल्लभनगरच्या स्टँडवर कंडक्टर गावांची नावं पुकारत असतो. तुम्ही पाठीला सॅक लावून नारायणगावच्या गाडीत चढता. सॅकमध्ये डबा आहे, दोन बाटल्या पाणी आहे आणि दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग आहे. खोदायचं कुठलंही हत्यार तुम्ही घेतलेलं नाही. तो आजच्या फेरीचा पहिला नियम.

दुसरा नियम असा, की प्रत्येक नदी ओलांडली की थोडं मागं जायचं.

नाशिक फाटा, भोसरी, आणि मोशीला इंद्रायणी. पुलावरून पाणी दिसतं न दिसतं तोच तुम्ही १६४० च्या आसपास पोहोचलेले असता. वरच्या अंगाला देहूत तुकोबा हयात आहेत, आणि त्याच पाण्यावर आळंदीच्या समाधीला तेव्हाच जवळजवळ साडेतीनशे वर्षं झालेली आहेत. पुढं चाकण. तळेगाव चौकात गाडी रोजच्यासारखी अडकते. दोन्ही बाजूंना सुट्या भागांचे कंटेनर, मध्ये दुचाक्या. खिडकीतून बाहेर पाहताना १६६० चा पावसाळा आठवा. याच गावचा भुईकोट फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. राजगुरुनगरला भीमा, मंचरच्या पुढं घोड. या घोडेच्या काठी, खाली शिरूर तालुक्यात, इनामगावला डेक्कन कॉलेजने तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव उकरून काढलं. चुली, धान्याचे कणगे, अंगणातच मातीच्या कुंभात पुरलेली तान्ही मुलं, सगळं सापडलं. तिथवर काळ ओळखीचा वाटतो. त्या घरातली आई तुम्हाला समजते.

नारायणगावला उतरा. टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेले टेम्पो, द्राक्षबागा, उसाचे फड. इथून पूर्वेकडं, बोरी गावच्या बाजूला जायचं. तिथं नाळेसारख्या खोल ओघळींचा मुलूख आहे आणि त्याच्या तळाशी कुकडी वाहते. नाणेघाटाजवळून निघालेली ही नदी. तिचं पाणी घोडेत, घोडेचं भीमेत जातं. तुमच्या पिंपरीच्या पवनेचं पाणीही मुळा-मुठेतून त्याच भीमेला मिळतं, आणि दोन्ही मिळून उजनीत जाऊन थांबतात. म्हणजे परक्या नदीवर आलोय असं समजायचं कारण नाही.

गावाबाहेर बांधावर एक म्हातारे शेतकरी भेटतात. तुमच्या बुटांकडं बघूनच ते ओळखतात.

“राख बघाया आलाय न्हवं?”

“हो बाबा. वाट कुठून आहे?”

“हितनं नका उतरू, घसरायचं. तिकडून या, पायवाट हाये. अन् बोलत चला, गप गप जाऊ नका. उसात वाघ बसतोय.”

वाघ म्हणजे बिबट्या. जुन्नर तालुक्यात हे सांगणं कुणी गमतीनं करत नाही. तुम्ही मोठ्यानं बोलत उतरता, आणि हे चांगलंच आहे, कारण जिथं निघालात तिथं माणसानं अशाच आवाजानं स्वतःला धीर दिला असणार.

दहा-पंधरा पावलांत शेत संपतं आणि घळ सुरू होते. भूगोलाच्या पुस्तकात अशा जमिनीला उत्खातभूमी म्हणतात. नदीनं हजारो वर्षं आणून टाकलेला पिवळसर तपकिरी गाळ, आणि पावसानं त्यात कोरलेल्या अरुंद, उभ्या भिंतींच्या वाटा. भिंतीत चुनखडीचे पांढरे खडे, पायाखाली ते सुटून पडलेले. डोक्यावर आकाशाची एक पट्टी. वारा लागत नाही, आवाज येत नाही. चंबळच्या दऱ्या सिनेमात पाहिल्या असतील, त्यांचंच हे लहान भावंड. फरक हा, की इथं एका वळणावर भिंतीचा रंग अचानक बदलतो. तपकिरी गाळाच्या मधोमध राखाडी-पांढरा पट्टा उमटतो. कुठं गुडघ्याएवढा, कुठं त्याहून जाड. बोट लावा. भाकरीच्या पिठासारखा मऊ भुगा बोटाला लागतो. चिमूट तोंडात टाकली तर मात्र दातांखाली कचकचतं, कारण हे पीठ काचेचं आहे.

आता भिंग डोळ्याला लावा आणि उन्हाकडं पाठ करा. वाकड्या, पारदर्शक कपच्या चमकतात. काहींना तीन टोकं आहेत. या फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती आहेत. वायूनं भरलेला तप्त रस जमिनीतून वर येताना फेसाळतो, फेस एका क्षणात फुटतो, थिजतो, आणि बुडबुड्यांमधल्या भिंती अशा तुकड्यांनी आकाशात जातात. आपल्या सह्याद्रीच्या लाव्ह्यात ही जात सापडत नाही. तो पातळ, वाहणारा, काळा. ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची आहे. इथून तीन हजार किलोमीटरांहून दूर.

थांबा. डोळे मिटा. काटा ७४ हजार वर्षं मागं फिरवा.

घळ नाहीशी झाली. तुम्ही उथळ, पसरट नदीच्या काठी उभे आहात. पात्र आजच्यापेक्षा बरंच उंचावर आहे, कारण नदीनं अजून खाली कापायला सुरुवात केलेली नाही. काठानं गवत आणि विरळ काटेरी झाडं. पलीकडं रानगुरांचा कळप आहे, आपल्या बैलांहून खांद्याला कितीतरी उंच, शिंगं हातभर रुंद पसरलेली. दूर उघड्या माळावर लांब मानेचा एक पक्षी धावतो. शहामृगच तो. चाळीसगावजवळच्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्यांच्या टरफलांवर माणसानं कोरलेली नक्षी सापडली आहे, तेव्हा दचकू नका. शहामृग या महाराष्ट्राचा रहिवासी होता.

पहिल्यांदा आवाज येतो. लांबवर काहीतरी कोसळल्यासारखा, पूर्व-आग्नेयेकडून. हे शक्य आहे का, असं वाटलं तर १८८३ आठवा. क्राकाटोआ फुटला तेव्हा त्याचा आवाज हिंदी महासागरात पावणेपाच हजार किलोमीटरांवरच्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला होता. आणि टोबाचा उद्रेक त्याच्या शेकडोपट मोठा. जमिनीतून सुमारे २,८०० घन किलोमीटर रस बाहेर पडला. जिथून तो निघाला तिथं आज शंभर किलोमीटर लांबीचं सरोवर आहे.

गुरं मान वर करतात आणि पुन्हा चरायला लागतात. नंतर कधीतरी सूर्य तांब्याच्या रंगाचा होतो. पाऊस येईल असं वाटतं, पण ओल्या मातीचा वास येत नाही, नाकात कोरडी खाज येते. मग राख पडू लागते. ती थेंबांसारखी पडत नाही, उतरत राहते. गवताच्या पात्यावर, गुरांच्या पाठीवर, तुमच्या पापण्यांवर. नदीचं पाणी दुधाळ होतं. तुम्ही रुमाल तोंडाला बांधता. इथल्या कुणाकडं रुमाल नाही. वासरू खोकतं.

एवढ्या दूर आकाशातून थेट पडलेला थर काही सेंटिमीटरांचाच. बोरीत जी जाडी दिसते ती पुढच्या पावसाळ्यांनी केलेली. उतारांवरची राख धुऊन त्यांनी सखल जागी, शांत पाण्याच्या डबक्यांत आणून भरली. आपल्या पिंपरीत ती पडली नाही असं नाही. पडलीच. कऱ्हेच्या काठी मोरगावलाही असाच थर सापडतो, मयूरेश्वराच्या देवळापासून फार लांब नाही. तुमच्या नगरात ती धुऊन गेली, इथं टिकली, एवढाच फरक.

आणि माणसं? त्यांच्याबद्दल फार दिवस एक गोष्ट सांगितली जायची, की टोबानं मानवजात जवळजवळ संपवली. आपल्याकडच्या मातीनं त्या गोष्टीला अडवलं आहे. आंध्रात तेव्हाच्या कर्नूल जिल्ह्यातल्या ज्वालापुरमला राखेच्या थराखाली दगडी हत्यारं मिळाली आणि थरावरही, बरीचशी तशीच. ते २००७ साली प्रसिद्ध झालं. मध्य प्रदेशात सोन नदीच्या खोऱ्यात धाबा इथं हेच आढळलं, ते २०२० साली. राख पडली, वर्षं वाईट गेली, आणि कोणीतरी पुन्हा त्याच काठावर दगड घडवत बसलं. मला ही बातमी कुठल्याही सर्वनाशाच्या कथेपेक्षा मोठी वाटते. त्याच ज्वालापुरमच्या खाणीतली राख काढून भांडी घासायच्या पावडरीत घालतात, हेही ऐकून ठेवा. आपल्याला मिळालेल्या गोष्टींची आपण काय किंमत करतो, ते त्यात दिसतं.

डोळे उघडू नका. काटा अजून हलवायचा आहे, कारण बोरीची खरी गुंतागुंत इथून पुढं आहे.

१९८० च्या दशकात डेक्कन कॉलेजची माणसं या घळींत उतरली. रवी कोरीशेट्टर, शीला मिश्रा, शरद राजगुरू ही नावं त्यात येतात. त्यांना राखेच्या सोबतीनं हातकुऱ्हाडी आणि फरश्या मिळाल्या. दोन्ही बाजूंनी छिलके काढून घडवलेली, मुठीत बसणारी, एका टोकाला निमुळती दगडी हत्यारं. ही जात फार जुनी. आता राखेचं वय सांगा, म्हणजे हत्यारांचं कळेल. पोटॅशियम-आरगॉन पद्धतीनं पहिलं उत्तर आलं १४ लाख वर्षं. आरगॉन-आरगॉननं आलं ६ लाख ७० हजार. मग काचेच्या कपच्यांचं रसायन टोबाच्या राखेशी जुळवून काही संशोधक म्हणाले, ही शेवटच्या मोठ्या उद्रेकाची, ७५ हजारांची. २०११ साली आणखी एक मोजणी आली, आठ लाखांच्या आसपास, म्हणजे टोबाच्याच एका आधीच्या उद्रेकाची.

एकाच पट्ट्याला चार वयं. असं होतं कसं? राख वाहून येताना नदी तिच्यात आपला गाळ मिसळते, आणि इथला गाळ म्हणजे कोट्यवधी वर्षांच्या काळ्या पाषाणाचे कण. मोजायच्या नमुन्यात असे थोडे जरी कण गेले तरी वय मागं ओढलं जातं. दुसरीकडं, टोबाच्या वेगवेगळ्या उद्रेकांची काच एकमेकींशी इतकी मिळतीजुळती की नुसत्या रसायनावर निवाडा देणं अवघड. मला या वादाचा कंटाळा येत नाही, उलट आदर वाटतो. आयुष्यभर एका ओघळीत बसून चिमूटभर भुकटीवरून भांडणारी माणसं आपल्या जिल्ह्यात होती आणि आहेत, याचा पुणेकरांना आणि पिंपरी-चिंचवडकरांना अभिमान वाटायला हवा.

तर, काटा आठ लाखांवर लावून पाहा. नदी तीच, काठ तोच. समोर उकिडवं बसलेलं कोणीतरी आहे. कपाळाची कड पुढं आलेली, हात रुंद. चेहऱ्याकडं रोखून पाहू नका, हातांकडं पाहा. डाव्या हातात काळा दगड आहे, उजव्यात गोल गोटा. एक ठोका. दगड फिरवला. दुसरा ठोका, आता उलट बाजूनं. छिलका उडून तुमच्या बुटाशी पडतो. त्याची धार आजच्या ब्लेडनं लाजावं अशी. तो मध्येच थांबतो, दगड उन्हात धरतो, कड न्याहाळतो. चाकणच्या कारखान्यात तुम्ही तयार भाग उचलून असाच उजेडात धरता, कड हाताला लागते का पाहता. त्या नजरेची तुम्हाला ओळख आहे. तो तुमची दखल घेत नाही. झुडपात काहीतरी हलतं तेव्हा मात्र दोघंही एकाच क्षणी मान वळवता.

परत या. ऊन डोक्यावर आलंय. घळीच्या तोंडाशी सावली आहे, तिथं डबा उघडा. आज मुद्दाम इंद्रायणी भात आणलाय, मावळचा, आणि त्याचं कारण जेवताना सांगतो.

खाली कुकडीच्या पात्रात काळा खडक दिसतो ना? गाळ संपला की तोच लागतो. तुमच्या घराखालीही तोच आहे, मेट्रोच्या खांबांखालीही तोच. त्याचं वय ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपास. राखेपासून इथवरची उडी एवढी मोठी आहे की आधीच्या सगळ्या उड्या तिच्यापुढं कालपरवाच्या. तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, बेटासारखा, रीयुनियनच्या परिसरावरून उत्तरेकडं सरकत असलेला. जमीन फाटून लाव्हा वाहायचा, थिजायचा, मग पुष्कळ वर्षं शांतता. त्या शांततेत वर माती तयार व्हायची, आणि पुढचा लोट तिला भाजून काढायचा. घाटातल्या कापलेल्या दरडींत काळ्या थरांमध्ये दिसणारी लाल पट्टी ती हीच माती. असे थरावर थर चढत कोयनेच्या परिसरात नऊशे मीटरांहून जाड खडक साचला. तिथं वेधछिद्र पाडल्यावर त्याच्या खाली ग्रॅनाइट लागला.

म्हणूनच पुणे जिल्ह्यात डायनोसॉरचं हाड शोधत फिरण्यात अर्थ नाही. त्यांची जमीन या पाषाणाच्या खाली गाडली गेली आहे. तिच्या पाऊलखुणा पाहायच्या तर लाव्ह्याची चादर जिथं पातळ होऊन संपते त्या कडेला जायला हवं. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला, मध्य प्रदेशात जबलपूरला, आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला.

इथून पाचशे किलोमीटर पूर्वेला, लाव्हा तिथं पोहोचण्याच्या थोडं आधी. भाताचा घास हातात असू द्या आणि तिथं उभे राहा. सपाट पठार, लाल-हिरवी चिकणमाती, उथळ तळी, ताडांसारखी झाडं. पाणी हलतंय, कारण काहीतरी जड चालत येतंय. आधी मान दिसते. मग पुढचे पाय, मागच्यांहून लांब. पिसदुऱ्याजवळच्या डोंगरगावला १९८० च्या दशकात याच कुळातल्या प्राण्याचा सांगाडा मिळाला. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं इसिसॉरस. तो तुमच्यावरून पाहत पलीकडची झाडं ओरबाडतो. पोटातला घरघराट तुम्हाला छातीत जाणवतो. आणि मग तो चालता चालता शेण टाकतो.

हसू नका, त्या शेणासाठीच आपण आलोय.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १९ व्या शतकाच्या मध्यावर पिसदुऱ्याची हाडं जमवली. तिथल्या शेतांत हाडांबरोबर दगड बनलेलं शेणही पडलेलं असायचं. नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांनी त्याचा अभ्यास केला. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. वनस्पतींच्या पेशींत सिलिकेचे सूक्ष्म कण साचतात आणि वनस्पती कुजली तरी ते टिकतात. प्रत्येक कुळाचा कण वेगळ्या आकाराचा. त्या शेणात ताड मिळाले, सूचिपर्णी मिळाले, आणि किमान पाच प्रकारची गवतं मिळाली. २००५ साली हे छापून आलं तेव्हा पाठ्यपुस्तकं बदलावी लागली. तोवर समज असा होता की डायनोसॉर गेल्यावर पुष्कळ काळानं गवत आलं. २०११ साली त्याच संशोधकांनी आणखी बारकाईनं दाखवलं, की त्या गवतांत भाताच्या जवळच्या कुळातली गवतंही होती.

आता तो घास तोंडात घाला.

उतरतीला शेतकरी पुन्हा भेटतात. “काय नेलं न्हाई ना पिशवीत?” तुम्ही सॅक उघडून दाखवता. “लोकं नेत्यात,” ते म्हणतात. मग हातानं चौफेर दाखवत सांगतात, की त्यांच्या आज्याच्या काळी इथं नुसत्या घळीच होत्या, कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं तेव्हा एकेक घळ सपाट करून रान केलं. “पोटापाण्याचं हाये, काय करणार?”

त्यांचं बरोबर आहे. ज्यानं घळीतून ऊस काढला त्याला दोष देणं मला जमणार नाही. पण जेसीबीला एक दुपार पुरते, आणि राखेचा जो तुकडा गेला तो पुन्हा कुठल्याही पावसाळ्यात येणार नाही. वयाचा वाद अजून मिटलेला नाही. तो उद्या नव्या पद्धतीनं मिटवायचा तर अस्पर्श भिंत शिल्लक लागेल. दोन-तीन घळी राखून ठेवायच्या, त्यांच्या मालकाला त्याचा रास्त मोबदला द्यायचा, शाळेच्या सहली शिक्षकाबरोबर तिथं न्यायच्या, एवढं काम जिल्ह्याच्या आवाक्यातलं आहे. ज्या पट्ट्यात गाड्यांचे कारखाने उभे राहिले, जिथं १९५४ साली देशाची पेनिसिलिनची फॅक्टरी झाली, त्या पट्ट्याला चार ओघळी सांभाळणं जड जाऊ नये.

परतताना खोडदच्या बाजूनं या. शेतांत ४५ मीटर व्यासाच्या जाळीदार तबकड्या उभ्या दिसतात. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण, अशा ३० तबकड्यांची. २०२३ च्या जानेवारीत बातमी आली की तिनं एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संदेश टिपला, ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला. तेव्हा पृथ्वी नव्हती, राख नव्हती, काळा पाषाण नव्हता. एरवी आत जायला परवानगी लागते, पण राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, २८ फेब्रुवारीला, इथं विज्ञान प्रदर्शन भरतं आणि आसपासच्या शाळांतली मुलं आपापले प्रयोग मांडून बसतात. पुढची फेरी त्या दिवशी ठेवा, आणि घरातल्या मुलांना बरोबर आणा. सकाळी बोरी आणि दुपारी खोडद, दोन्ही एका दिवसात होतं.